सगळ्याला हो म्हणून टाक

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आमच्या मराठी मंडळात पाच नवे कम्प्युटर आले आणि ते मी सुरू करून दिले. त्या दिवशी मी जे केलं त्याचा मला अजून राग येतो. आधी वाटायचं की हा राग फक्त स्वतःवर आहे. तसं नाही. थोडा आमच्या सचिवकाकांवर आहे, थोडा माझ्या कॉलेजच्या लॅबवर आहे, आणि बराचसा एका निळ्या बटणावर आहे. मला लिहायची फारशी सवय नाही. घरात मराठी बोलतो, पण आमचं शहर महाराष्ट्राबाहेरचं, दाराबाहेर पडलं की सगळं हिंदीत, त्यामुळे हे लिहिताना कितीतरी शब्द मी आईला विचारले आहेत.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. शहराच्या कडेला महाराजपूरच्या बाजूला एक हॉल आहे, त्यात दोन लोखंडी कपाटं, एक स्टेज आणि भिंतीला लावून ठेवलेल्या सतरंज्या. येणारी माणसं बहुतेक इथल्या सरकारी शस्त्रांच्या फॅक्टरीतली, काही रेल्वेतली, काही सरकारी ऑफिसांतून रिटायर झालेली. वर्षभर तिथे रविवारी बायकांचा शिवणवर्ग चालतो. बाकी गणपती, कोजागिरी, संक्रांत. सचिवकाका हे सगळं सांभाळतात. विजेचं मीटर त्यांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, हॉलची किल्ली त्यांच्या खिशात. ते वाईट माणूस नाहीत. पावसात छत गळलं तेव्हा सत्तरीच्या वयात स्वतः शिडीवर चढून त्यांनी ताडपत्री बांधली होती. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणार नाही.

कम्प्युटर मंडळातल्या एका कुटुंबाने दिले होते. स्क्रीन आणि कम्प्युटर एकातच असलेले, वर मधोमध बारीक कॅमेरा. मुलांनी आणि बायकांनी शिकावं असा हेतू होता. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. फॅक्टरीतल्या घरांत तर ती मनापासून होते. बाबांचे पाने-पक्कड, आईची शिलाई मशीन, माझी पुस्तकं, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. तेव्हा ठरलं की नव्या कम्प्युटरची पूजाही दसऱ्यालाच करायची. सचिवकाकांची एक अट होती. हार घालायच्या वेळी पाचही पडद्यांवर गणपतीचं चित्र आलं पाहिजे. काळ्या पडद्याची पूजा ते करू देणार नव्हते.

मुहूर्त अकरा चाळीसचा होता. खोकी उघडली तेव्हा दहा वाजून गेले होते.

मी तेव्हा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. मंडळात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना त्याचं कौतुक होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी कधी नवा कम्प्युटर खोक्यातून काढून सुरू केलेला नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पहिल्या कम्प्युटरने देश विचारला, भाषा विचारली, इंटरनेट मागितलं. इंटरनेट सचिवकाकांच्या मोबाइलवरून दिलं. मग त्याने अकाउंट मागितलं. त्याशिवाय तो पुढे जाईना.

"काका, कोणाचं अकाउंट टाकू?"

"माझं टाक. मंडळाचं सगळं माझ्याच नावावर आहे."

"घरच्या लॅपटॉपला आहे तेच?"

"तेच. पासवर्ड घे." आणि त्यांनी तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा सांगितला. झेंडूचे हार ओवत बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "पोरीचं नाव अन् तिच्या लग्नाचं साल. काका, लॉकरचा पण हाच आहे का?" सगळ्या हसल्या. काकाही हसले.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. एकेका पडद्यावर एकेक. तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कळू द्याल का. तुम्ही काय टाइप करता ते आम्हाला पाठवाल का. तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवू का. तुमच्या फाइल्स आमच्याकडे जपून ठेवू का. इंग्रजीत, लांबलचक, आणि गोड. 'हो'चं बटण निळं, मोठं, भरलेलं. 'आत्ता नको' हे बटणही नव्हतं, खाली कोपऱ्यात नुसती बारीक अक्षरं होती. 'कधीच नको' कुठेच नव्हतं.

पहिला प्रश्न मी खरंच वाचायला घेतला. बोट पडद्यावर ठेवून, ओठ हलवत, जशी मी इंग्रजी वाचते तशी. गुरुजी सोवळं नेसून, ताट मांडून तयार होते. त्यांना पुढे पनागरला एका दुकानाची पूजा होती.

"बेटा, मुहूर्त तुमच्या इंटरनेटसाठी थांबत नाही," ते म्हणाले.

"काय वाचून राहिली एवढं?" सचिवकाका. "पेपर आहे का परीक्षेचा?"

"काका, ते विचारून राहिलं की फाइल्स कुठे ठेवायच्या..."

"अगं, सगळ्याला हो म्हणून टाक. नाही म्हटलं आणि अडकलं, तर काय करशील?"

माझी भीती अगदी तीच होती. नाही म्हटलं आणि कम्प्युटर थांबला तर सगळ्यांसमोर कळेल की हिला येत नाही. मी हो म्हटलं. मग पुढच्याला हो, त्याच्या पुढच्याला हो. दुसऱ्या कम्प्युटरला मी वाचलंच नाही. पाचव्याला तर मी पडद्याकडे पाहतही नव्हते, निळा रंग दिसला की दाबत होते. अकरा छत्तीसला पाचही पडद्यांवर गणपती आले. टाळ्या वाजल्या. गुरुजींनी कुंकवाचं बोट लावलं, आणि एका कम्प्युटरवर ते नेमकं कॅमेऱ्यावर लागलं. पाचांपैकी एकाचा डोळा त्या दिवशी झाकला गेला, तोही चुकून.

हे हो म्हणणं मी कुठे शिकले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. लॅबमध्ये आमचे सर नवीन काही बसवायचं असलं की फळ्यापाशी उभं राहून म्हणायचे, "नेक्स्ट, नेक्स्ट, अ‍ॅग्री, फिनिश." आम्ही ते वहीत लिहून घेतलं होतं. माझ्या वहीत अजून आहे, चार शब्द, मध्ये बाण. कशाला अ‍ॅग्री, हे कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. आणि त्याच्याही आधी, घरी. आमच्या घरी कागद आला की आजोबा अंगठा करायचे, बाबा सही करायचे. कुठे करायची ते समोरचा माणूस बोट ठेवून दाखवायचा. मी मोठी झाले तशी सगळ्या घराची फॉर्म भरायची कामं माझ्याकडे आली. जातीचा दाखला, स्कॉलरशिप, गॅस, आईचं आधार. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक छोटा चौकोन असायचा, 'मी सहमत आहे'. त्यावर टिचकी मारली की काम व्हायचं. घरातले लोक म्हणायचे, पोरगी शिकली. मला खरंच वाटायचं की शिकणं म्हणजे हेच, तो चौकोन कुठे आहे ते माहीत असणं.

आता शिवणवर्गाच्या काकूंबद्दल लिहायचं आहे. त्यासाठी मी त्यांना फोन करून विचारलं. लिही म्हणाल्या, पण दोन गोष्टी गाळायला सांगितल्या. त्या मी गाळल्या आहेत.

काकू मंडळात शिवण शिकवायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. दीर, जाऊ आणि सासू यांच्यासोबत राहायच्या. घर त्यांच्या हातावर चालायचं, म्हणजे सासूचं औषधपाणी, स्वयंपाक, जावेच्या मुलांचे डबे. त्यांना कोणी वाईट वागवत नव्हतं. हे त्या स्वतःच सांगायच्या. फक्त त्यांनी कधी काही ठरवलेलं कोणाला आठवत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर त्या एका रविवारी वर्ग सुटल्यानंतर थांबल्या. म्हणाल्या, "मला एक अर्ज टाइप करून देशील? मला शिकव, मीच करते. पण तू बस जवळ."

महाराष्ट्रातल्या एका गावी मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात वॉर्डनची जागा होती. राहायला खोली, जेवण तिथेच. काकूंचं बीए झालेलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. लग्नाआधी केलं होतं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तीन रविवार त्यांनी तो अर्ज लिहिला. मी शेजारी बसायचे. 'आपण स्वतःबद्दल थोडक्यात लिहा' इथे त्या फार वेळ अडल्या. मग त्यांनी लिहिलं की मला लहान मुलींची भीती समजते, कारण मी स्वतः सतराव्या वर्षी परक्या शहरात शिकायला गेले.

पहिल्याच रविवारी, उठताना, त्यांनी विचारलं होतं, "हे इथेच राहील ना? पुसायचं का? पुसलं तर पुन्हा लिहावं लागेल."

"राहू द्या काकू. या कम्प्युटरमध्येच राहील. दुसरीकडे कुठे जात नाही."

"नक्की ना? घरी अजून सांगितलेलं नाही मी. बोलावणं आलं तर सांगीन. न आलं तर कशाला उगाच."

"नक्की. मीच तर लावलेत हे."

मी हे वाक्य म्हटलं. अगदी असंच. मला ते पुसता येत नाही.

अर्ज गेला. जानेवारीत उत्तर आलं, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मुलाखत. काकूंनी ते मला शिवणाच्या टेबलाखालून कागद सरकवून दाखवलं, शाळेतल्या मुली चिठ्ठी दाखवतात तसं. घरी कसं सांगायचं ते त्या ठरवत होत्या. आधी सासूला, एकटीला, दुपारी, असं त्यांच्या मनात होतं.

संक्रांतीचा कार्यक्रम हॉलमध्ये होता. काकूंचे दीर-जाऊ आले होते, सासू खुर्चीवर पुढे बसल्या होत्या. तिळगूळ वाटता वाटता सचिवकाका काकूंपाशी आले आणि मोठ्याने म्हणाले, "अभिनंदन, अभिनंदन. वहिनी महाराष्ट्रात चालल्या म्हणे."

काकूंच्या हातात वाटी होती. त्या म्हणाल्या, "कुठे?"

"आता लपवून काय राहिल्या? अर्ज वाचला मी. काय सुंदर लिहिलाय. ती मुलींच्या भीतीची ओळ तर मी आमच्या हिला वाचून दाखवली." मग दिराकडे वळून, "भाऊसाहेब, पार्टी पाहिजे बरं."

दीर हसले, कारण सगळे बघत होते. "हो, हो," म्हणाले. "आम्हालाच माहीत नव्हतं. अच्छा आहे."

जाऊ हसली नाही. सासूने विचारलं, "काय झालं? कोण चाललं?" आणि कोणीतरी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं.

मी स्टेजजवळ वाट्या भरत होते. मला पहिल्यांदा कळलंच नाही की यात माझा काही संबंध आहे. मला वाटलं काकूंनीच कोणाला सांगितलं असेल. मग मी सचिवकाकांना विचारलं, "काका, अर्ज तुम्हाला कुठे सापडला?"

"सापडला कुठे? माझ्या लॅपटॉपवर आला होता घरी. पहिल्या पडद्यावरच. मुलांची चित्रं येतात, बायकांचे पापडाच्या हिशेबाचे कागद येतात, सगळं येतं. मला वाटलं, तूच तशी सोय केली म्हणून."

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी हॉलमध्ये गेले, किल्ली मागून घेतली आणि पाचही कम्प्युटर उघडले. सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक पान वाचलं, त्या दिवशी वाचायला हवं होतं तसं, बोट ठेवून. सगळं तिथेच होतं. फाइल्स आमच्याकडे जपून ठेवू का, याला मी हो म्हटलं होतं. जपून ठेवणं म्हणजे कम्प्युटरच्या बाहेर नेऊन सचिवकाकांच्या अकाउंटमध्ये ठेवणं, आणि तिथून ते अकाउंट जिथे जिथे उघडलं असेल तिथे तिथे पोचवणं. कोणी चोरी केली नव्हती. कोणी कुलूप तोडलं नव्हतं. रीतसर विचारलं होतं, आणि मी परवानगी दिली होती. काकूंच्या वतीने, ज्यांना मी तेव्हा धड ओळखतही नव्हते. हॉलमध्ये पुढे येऊन बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या वतीने, प्रत्येक मुलाच्या वतीने मी एका सकाळी पाच वेळा हो म्हटलं होतं.

मला खरा संताप तिथे आला. ज्याने ते पडदे बनवले त्याला माहीत होतं की माझ्यासारखं कोणीतरी समोर असेल, घाईत, घाबरलेलं, मागे माणसं उभी असलेलं. त्याने 'हो' निळं केलं आणि 'नको' कोपऱ्यात ढकललं. हे चुकून होत नाही. माझ्या वर्गातला कुठलाही मुलगा सांगेल की बटणाचा रंग कोणीतरी बसून ठरवतं. विचारल्यासारखं करायचं आणि उत्तर आधीच हातात कोंबायचं, याला विचारणं म्हणत नाहीत. आमच्या आजोबांचा अंगठा धरून कागदावर टेकवणारा माणूस निदान समोर तरी बसलेला असायचा.

काकूंना सांगायला दोन दिवस लागले मला. त्या घरामागे कपडे वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी चादर झटकून तारेवर टाकली, चिमटे लावले.

"तू म्हणाली होतीस ना, इथेच राहील?"

"म्हणाले होते."

"वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"मग काहून म्हटलं?"

त्यांनी रिकामी बादली उचलली. "सासूबाईंचं बीपी वाढलंय. जाऊबाई उद्या माहेरी चालल्या, आठ दिवसांसाठी, अचानक. भाऊजी म्हणतात, आम्ही काय कमी केलं ते सांगा. मी सांगितलं असतं ना, माझ्या तोंडाने, एकेकाला, तर वेगळं झालं असतं. आता सगळ्यांसमोर त्यांची मान खाली गेली. आता मी कितीही चांगलं बोलले तरी ते पळून जाणंच वाटेल." मग म्हणाल्या, "जा तू. अभ्यास कर."

शुक्रवारी त्या गेल्या नाहीत.

मी सचिवकाकांकडे गेले. मला वाटत होतं की त्यांना कळल्यावर त्यांना वाईट वाटेल. मी म्हटलं, प्रत्येकाचं वेगळं खातं करू या, आणि आधीचं सगळं तुमच्या लॅपटॉपवरून काढू या.

"म्हणजे मी चोर?"

"नाही काका."

"घरातली माणसं आहोत आपण. त्यात लपवायचं काय? चांगलीच बातमी होती. मी काय वाईट बोललो?"

हे मी त्या महिन्यात कितीतरी जणांकडून ऐकलं. लपवायचं काय. आणि म्हणणारे कोण, तर ज्यांनी आयुष्य फॅक्टरीत काढलं. माझे बाबा सत्तावीस वर्षं कामाला जातात. ते आत नेमकं काय करतात हे आईला माहीत नाही, मला माहीत नाही. लहानपणी मी विचारलं की ते म्हणायचे, "लोखंड घासतो." मोबाइल गेटवर ठेवून आत जातात. त्यात कोणाला संशय वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. सरकारचं गुपित ते गुपित, आणि एका बाईचा नोकरीचा अर्ज म्हणजे लपवाछपवी. मी हे सचिवकाकांना बोलून दाखवायला हवं होतं. तेव्हा बोलले नाही. मी फक्त म्हटलं, "काका, मला रविवारी किल्ली द्या," आणि त्यांनी ती टेबलावर टाकली, हातात दिली नाही.

त्या रविवारी मी पाचही कम्प्युटर पुसून पहिल्यापासून सुरू केले. मागे कोणी नव्हतं, मुहूर्त नव्हता. प्रत्येक प्रश्न मी मोठ्याने वाचला, आधी इंग्रजीत आणि मग माझ्या मराठीत. काहींचा अर्थ दोनदा वाचूनही लागला नाही, तिथे नको म्हटलं. नको म्हटल्यावर कम्प्युटर अडला का? एकदाही अडला नाही. प्रत्येक वेळी पुढचा पडदा आला. अकाउंट न देताही पुढे जायची वाट होती, फक्त ती शोधायला मला तासभर लागला. सकाळी दहाला बसले ते पाचव्याला हात लावेपर्यंत चार वाजले. दसऱ्याला मी याच कामाला दीड तास लावला होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

काकू त्यानंतर चार महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. शिवणवर्ग चालू होता. कम्प्युटरच्या बाजूला त्या फिरकत नसत.

मे महिन्यात एका दुपारी त्या आमच्या घरी आल्या. आईशी थोडं इकडचं तिकडचं बोलल्या, मग मला म्हणाल्या, "तुझा लॅपटॉप चालू कर." त्याच शाळेने पुन्हा जाहिरात दिली होती. जी बाई ठेवली होती ती टिकली नव्हती.

मला वाटलं त्यांनी मला माफ केलं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणून नाही आले. तुला टाइप करता येतं म्हणून आले. तो माझा विश्वास होता ना, तो तुम्ही सगळ्यांनी मिळून तिळगुळासोबत वाटला."

आम्ही बसलो. लॅपटॉपने मध्येच काहीतरी विचारलं, नेहमीसारखं. माझं बोट सवयीने हललं आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय विचारून राहिलं ते?"

मी वाचून सांगितलं.

"नाही म्हण."

म्हटलं.

असं त्या दिवशी चार वेळा झालं. एका ठिकाणी मी म्हटलं, "काकू, याला हो म्हटलं तरी चालतं, हे फक्त घड्याळाचं आहे." त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं आणि मग म्हणाल्या, "हं. हे चालेल." अर्ज पाठवल्यावर फाइल पुसायला लावली, मग पुसलेल्यांच्या टोपलीतून पुसायला लावली, मग विचारलं, "आता अजून कुठे आहे का?" मला खात्री असेल तेवढंच मी सांगितलं. म्हणाले, "शाळेच्या ईमेलमध्ये आहे, आणि माझ्या पाठवलेल्या मेलमध्ये आहे. बाकी माझ्या माहितीप्रमाणे कुठे नाही." या वेळी मी 'नक्की' म्हटलं नाही.

मुलाखतीला त्या जून महिन्यात गेल्या. बस स्टँडवर दिरांच्या ओळखीचे लोक बसतात, म्हणून त्या ऑटोने शहराबाहेर तिलवाऱ्याला आल्या आणि नदीच्या पुलाच्या अलीकडे नागपूरच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या. मी सोबत होते. सासूला त्यांनी आदल्या दुपारी सांगितलं होतं, एकटीला, स्वतःच्या तोंडाने. सासूने काय उत्तर दिलं ते गाळलेल्या दोन गोष्टींपैकी एक आहे. बस आली, काकू चढल्या, खिडकीशी जागा मिळाली नाही म्हणून मला त्या दिसल्याही नाहीत.

त्यांना नोकरी लागली. आता त्या तिथेच असतात. महिन्यातून एखादा फोन होतो. सासूशी दर दोन दिवसांनी बोलतात, दिरांशी नाही. दिरांना गाव माहीत आहे, वसतिगृह माहीत नाही. दिवाळीनंतरचा तो पहिला अर्ज तेव्हा मंडळात आणखी कोणी कोणी वाचला आणि कोणाच्या काय लक्षात आहे हे मला सांगता येत नाही. ही शाळा तीच आहे हेही मी कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहायला मात्र त्यांनी परवानगी दिली. मी दोनदा विचारलं होतं.

यंदा गणपतीत आरती झाल्यावर सचिवकाका माझ्याजवळ आले. आजूबाजूला सात-आठ जण होते, काकूंचे दीरही होते. काका हसत होते, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

"काय गं, आमच्या शिवणवाल्या वहिनी कुठे असतात आता? तुला तर माहीत असेलच."

मला नाही म्हणायची सवय नाही. मोठ्या माणसाला, लोकांसमोर, तर मुळीच नाही. माहीत नाही म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग सांग ना."

"नाही सांगणार, काका."

"अगं, मी काय परका आहे?"

"नाही. पण सांगायला त्यांनी मला हो म्हटलेलं नाही."

काकांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग उतरलं. दीर माझ्याकडे पाहत होते. कोणीतरी म्हणालं, "शिकली ना आता, त्याचंच हे." मी तिथून गेले नाही. काका पुन्हा विचारतील म्हणून उभी राहिले, आणि त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हटलं.